मेट्रोत घातलेले गाऱ्हाणे

एस.टी.त जो वाढला त्याला जगातले कुठलेही वाहन अडवू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत होते. आता ते तितकेसे स्पष्ट राहिलेले नाही; पण ते मागाहून!

माझा भाचा सर्वेश याने नोकरी सोडून पुण्यात मालवणी खानावळ काढली. उद्घाटनाला गाऱ्हाणे घालायचे, तर तोंडवलीहून मीच जायला हवे. गाऱ्हाणे म्हणजे काय, तर घरातल्या वडीलधाऱ्याने देवाकडे खड्या आवाजात मागणे मागायचे आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून जामीन राहायचे. माझा आवाज असा, की मी आमच्या देवळात गाऱ्हाणे घातले की समोरच्या खाडीतले मासे तळाला जातात!

त्यात त्या दिवशी जवळच्या एका कंपनीचे साहेब जेवायला येणार होते. जेवण आवडले तर कंपनीच्या सगळ्या माणसांचे रोजचे डबे सर्वेशकडे. म्हणजे पोराचा सगळा डाव त्या एका पंगतीवर!

सकाळी पुण्यात उतरलो तोच त्याचा फोन.

"मामानू, हलू नकात. मी रिक्षा घेवन येतंय."

"अरे, मी काय पार्सल आसंय? मेट्रोन येतंय. तू चुलीकडे बघ!"

बायकोने, सुगंधाने, निघतानाच सांगितले होते, "थंय शाणपणा करू नकात." पण बायकोचे ऐकायचे तर पुण्यापर्यंत कशाला जायचे? ते घरीही ऐकता येते.

मेट्रोच्या दारात शिपायाने माझे पोते यंत्रातून फिरवले आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "आजोबा, हे गोल गोल काय आहे?"

"नारळ."

"एवढे?"

"देव मोठो आसा!"

त्याने हात जोडले आणि सोडले.

गाडी मात्र देखणी. आत थंडी अशी, की बांगडे नुसते बाकावर मांडून ठेवले तरी दोन दिवस टिकतील. पण माणसे! सगळी फोनात मान घालून, देव कोपल्यासारखी गप्प. मी शेजारच्या गृहस्थांना गाव विचारले, मुले विचारली, त्यांच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला सांगितला. एवढ्यात माझे स्टेशन आले. आमच्याकडे उतरायची एक रीत आहे. गाडी थांबली की उठायचे, शेजाऱ्याचा निरोप घ्यायचा, वरची पिशवी काढायची, मग पायरीवर उभे राहून कंडक्टरच्या म्हशीची चौकशी करायची. गाडी थांबून राहते. जाईल कुठे?

मी उठलो. "बरा तर, येतंय हां. घरातल्यांका विचारल्याचा सांगा."

ते "हो, हो" म्हणेपर्यंत दार मिटले! ना घंटी, ना आरोळी. गाडी सुटली आणि मी पुन्हा त्याच गृहस्थांच्या शेजारी. निरोप घेतलेल्या माणसाशेजारी पुन्हा बसण्याइतके अवघड काही नाही. आता बोलायचे काय?

पुढच्या स्टेशनावर उतरून उलट गाडी धरली. या खेपेला कोणाशी बोललोच नाही. पोते काखेत मारून दाराला नाक लावून उभा राहिलो. स्टेशन आले, दार उघडले, पण पाठीमागचे! मी वळलो, पोते वळले, पोत्याने एका पोराच्या डोक्यावरचे हेडफोन वळवले. त्याची माफी मागेपर्यंत ते दारही मिटले.

तिसऱ्या गाडीत होतो (माझ्या पोत्यापायी स्टेशन चुकलेला तो हेडफोनवाला पोरगाही त्यातच!), तेव्हा सर्वेशचा फोन आला.

"मामानू, खंय आसात? भटजी घड्याळ बघून बघून दमले!"

"अरे, दुकानाच्या अगदी जवळ. दोनदा जवळ येवन गेलंय!"

आता मात्र मला घाम फुटला. मुहूर्त टळला, गाऱ्हाणे राहिले आणि साहेबांना जेवण नाही आवडले, तर भाचा जन्मभर म्हणणार, मामामुळे गेले! एस.टी.त अशा वेळी दोरी ओढतात. इथे दोरी नव्हती. पण दाराशेजारी एक लाल बटण होते आणि त्यावर बोलणाऱ्या माणसाचे चित्र. मी म्हटले, हा मीच! दाबले.

भिंतीतून बाईचा आवाज आला, "बोला, काय अडचण आहे?"

"चालकबाय, फुडच्या स्टेशनाक वायच जास्ती थांबवशात? वझा भारी आसा."

"आजोबा, हे बटण आणीबाणीसाठी आहे."

"मगे ही काय मजा आसा? तुमी खंयचे?"

हे मी मुद्दाम नाही विचारले. आमच्या तोंडून ते शिंकेसारखे येते. भिंतीतून हळूच आले, "मिठबाव."

"मिठबावच्या कोणाची गो तू?"

"आजोबा, ड्युटीर आसंय मी! बटण सोडा!"

इतक्यात फोनवर सर्वेश ओरडला, "मामानू, मुहूर्त चललो! थंयसूनच घाला गाऱ्हाणा. मी स्पीकरवर टाकतंय!"

मग मी कोणाचा! पोते भिंतीला टेकवले, ते बटणावरच टेकले हे मला काय ठाऊक? डोळे मिटले आणि आवाज सोडला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! बारा वाटेच्या, बारा शिवेच्या म्हाराजा! आज ह्या लेकरान परमुलखात चूल मांडली हा, ती सदा पेटती ठेव रे म्हाराजा!"

फोनातून पाचसहा जणांचे बारीक "व्हय म्हाराजा" आले. आणि त्याच वेळी डब्याच्या टोकाकडून एक दणदणीत "व्हय म्हाराजा!" एक टक्कल पडलेला मनुष्य उभा राहिला होता. डोळ्यांत पाणी. कुडाळचा निघाला!

मला चेव आला. "जो कोण वाकडी नजर ठेवीत, तेची नजर सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आठदहा जण. कोण कणकवलीचा, कोण वेंगुर्ल्याचा. मघापासून हे सगळे फोनात तोंड लपवून बसले होते!

"दुकानात पाय ठेवूक जागा मिळू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता हा भिंतीतून! मिठबावच्या पोरीला राहवले नाही. साक्षात भिंत बोलल्यावर पुण्याची माणसेही उठून उभी राहिली.

इथे थांबलो असतो तर आज ही कथा नसती. पण भरतीच्या पाण्याला आणि माझ्या तोंडाला बांध कोणी घातला आहे? बोलून गेलो, "आणि ह्या गाऱ्हाण्याक जो कोण व्हय म्हणीत, तो आज थंय पोटभर जेवल्याशिवाय घराक जावचो नाय रे म्हाराजा!"

आयुष्यात इतका मोठा "व्हय म्हाराजा" मी ऐकलेला नाही!

स्टेशन आले. उतरायची चिंताच नव्हती. अख्ख्या डब्याने मला पोत्यासकट उचलून बाहेर नेले.

दुकानासमोर वळलो तेव्हा सर्वेशला भरूनच आले. "मामानू! पयल्याच दिवशी एवढा गिराइक!" पोर रस्त्यातच माझ्या पाया पडले.

नळावर हात धूत कुडाळकर म्हणाले, "गिराइक नाय ओ. आमी गाऱ्हाण्याचे!"

सर्वेश पायाशी वाकला होता तो तसाच राहिला. पण गाऱ्हाण्यात कबूल केलेले मोडायचे कसे? त्याने पैशाचे नाव न काढता पाने मांडली. वडे गेले, सागोती गेली, सुरमई तर तव्यावर पडायच्या आतच गेली. हेडफोनवाला पोरगा चौथ्यांदा सोलकढी मागत होता.

आणि कंपनीचे साहेब आले. दाराशी उभे राहिले. एक पाय उचलला, तो ठेवायला जागा मिळेना. पुन्हा खाली घेतला.

"वा! चांगली चालते की खानावळ," ते म्हणाले. "पण एवढ्या गर्दीत आमच्या माणसांचे डबे वेळेवर कुठले? बघू, पुन्हा कधीतरी." आणि गेले.

मी सर्वेशला म्हटले, "बघ! देवान शब्दान् शब्द ऐकल्यान!"

बोलली ती त्याची बायको, रसिका. सातारची पोर. गाऱ्हाणे तिने त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलेले. रिकाम्या पातेल्यातला डाव हातात घेऊन ती पंगतीच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटले आणि कडाडली,

"बा देवा महाराजा! ह्या मामांना आजच्या आज गावाला पोचव, आणि पुन्हा पुण्याला आणायचेच असेल तर आधी आम्हाला कळव रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी पंगत तोंडातल्या घासासकट गरजली.

काय सांगू मंडळी, सवय वाईट! त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.