पत्ते दोन, घर एक

नेमक्या शनिवारी ग्यूसिकच्या कॉम्प्युटरने हात वर केले: डिस्क भरली. रविवारी सासूबाईंची सत्तरी. जेवणानंतर दाखवायची फिल्म अजून जोडायची होती. तिचा सगळा जीव एका तुकड्यात होता. ग्यूसिकच्या लग्नात दिवंगत सासरे गातायत, चांगलेच बेसूर. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

तेवढ्यात दारात सासूबाईंनी पाठवलेले किमचीचे, म्हणजे कोबीच्या आंबट-तिखट लोणच्याचे, दोन खोके आले. त्याने सासूबाईंना फोन लावला.

"आई, दोन कशाला?"

"एक जुन्या पत्त्यावर टाकला, एक नव्यावर. एक चुकला तर दुसरा पोचेल."

"अहो आई, सरकारने पत्ता बदलला, घर नाही हलवलं!" ग्यूसिक पोट धरून हसला.

"दात काढू नका, फ्रीजमध्ये जागा करा," बायको ओक्जू म्हणाली.

फ्रीज राहिला बाजूला, तो डिस्कमध्ये जागा करायला बसला. विंडोजच्या आत लिनक्ससारखी चालणारी, आज्ञा टाइप करायची एक काळी खिडकी त्याने ऑफिसात बघून घरीही बसवली होती.

"सापडला चोर! ओक्जू, 'आठवणी' फोल्डर दोनदा आहे. विंडोजमध्ये C:\आठवणी, आणि या काळ्या खिडकीत /c/आठवणी. एक उडवतो."

"अहो, कुणाला तरी विचारा आधी."

"मला शिकवू नकोस."

काळ्या खिडकीतून त्याने फोल्डर पुसला. भरपूर जागा झाली. खुशीत त्याने विंडोजमधला फोल्डर उघडायला घेतला, तर तोही गायब. कचरापेटी रिकामी. काळी खिडकी पेटीबिटीत काही टाकत नाही, थेट नष्ट करते.

"म्हणजे दोन्ही पत्ते एकाच घराचे होते?" ओक्जूने विचारलं. "बाबांचा आवाज होता हो त्यात."

ग्यूसिकला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रविवारी समारंभाच्या हॉलच्या दारातच त्याने सासूबाईंना सगळं सांगितलं.

"पत्ते दोन, घर एकच?"

"हो, आई."

"आणि काल हसत कोण होतं?"

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. जेवणं झाल्यावर त्या स्वतःच उठल्या, माइक घेतला आणि तेच गाणं गायला लागल्या. मधेच सूर घसरला.

"इथे ते नेहमी घसरायचे," त्या म्हणाल्या. पाहुणे हसले, डोळे पुसू लागले.

निदान हे तरी जपू या, म्हणून ग्यूसिकने घाईघाईने मोबाइल काढला. पडद्यावर आलं: जागा शिल्लक नाही.

ओक्जूने त्याचा हात घट्ट धरला. "आता काही पुसू नका. ऐका फक्त."