पाणी किती, पार्बताबाई?

आमच्या गावात मोहाची फुलं वेचायला जंगलात जायचं तर आधी पायलटभाऊंना पाण्याची कॅन हलवून दाखवावी लागते. नुसती हातात धरून चालत नाही. त्यांच्या कानाजवळ नेऊन हलवायची, ते डोळे मिटून ऐकणार, मान डोलावणार, मग आपण पुढं जायचं. गावाबाहेर जिथं डांबर संपतं आणि जंगलाची पायवाट लागते, तिथं ते झुंजूमुंजू व्हायच्या आधीच प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले असतात. डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि प्रत्येक बाईला एकच सवाल, "पाणी किती?"

आता सांगा, डोक्यावर टोपलं, मनात वाघाची धास्ती, आणि वाटेत हा माणूस! बायका चिडतात. "भाऊ, आमी काय मोटारी हाव का आमाले तपासून राह्यले?" असं कुणी म्हटलं की ते गंभीरपणे म्हणतात, "मोटारीले फाटकावरच थांबवता येते, बाई. तुमी जंगलात शिरल्या की तुमाले कोण थांबवन?"

ते खरोखरचे पायलट आहेत हं, नावापुरते नाहीत. एकाहत्तरच्या लढाईत लढाऊ विमान चालवलंय त्यांनी. राष्ट्रपतींच्या हातचं पदक आहे. चिमूर तालुक्यात असा दुसरा माणूस असला तर मला दाखवा, मी त्याचं दळण वर्षभर फुकट दळून देते. माझी पिठाची चक्की आहे, त्यांच्या घराच्या अगदी समोर, म्हणून त्यांचं उठणं-बसणं मला घरच्यापेक्षा जास्त ठाऊक. बायको गेली, मूलबाळ नाही, आणि हा माणूस शहरातला फ्लॅट विकून बापाच्या कौलारू घरात येऊन राहिला. तेव्हा गाव म्हणालं, "सरकला बुढा." मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू?

कारण वागणंच तसं. कोणत्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारणार, चारही टायरांना लाथ घालणार, खाली वाकून तेल गळतंय का पाहणार. एस.टी.लासुद्धा! कंडक्टर घंटी बडवतो, लोक खिडकीतून ओरडतात, आणि हे मागच्या चाकाजवळ वाकलेले. एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "बाबा, एस.टी. हाय हे, आभायात उडनारं इमान नाई." पायलटभाऊ म्हणाले, "म्हणूनच भेव वाटते. इमानाले मेकॅनिक तरी पाहाते." माझ्या चक्कीचा पट्टा त्यांनी इतक्या वेळा तपासलाय की एक दिवस मी म्हटलं, "भाऊ, दळण ठेवा अन् घरी जा, नाई तर तुमालेच दळून टाकीन." ते हसले, पण पट्टा ओढून पाहिलाच.

शाळेत प्रजासत्ताक दिनाला दरवर्षी त्यांचं भाषण असतं. हेडमास्तर बिचारे आशेनं माइक देतात. पोरं डोळे विस्फारून बसतात, आता धडाधड विमानं पडणार. आणि हे बोलतात काय, तर त्या विमानात उन्हाळ्यात पाठ कशी भाजायची, पहाटे उकडलेली अंडी कशी मिळायची, आणि उडणं सोपं, उतरणं कठीण. हेडमास्तर हळूच कोपर मारतात, "साहेब, ते पदकाचं सांगा ना." की यांचा चेहरा उतरलाच. "पदकाचं काय सांगायचं? वापस आलो म्हणून भेटलं." आणि माइक खाली.

पण सगळ्यात मोठा ताप म्हणजे मोहाचे दिवस. नुसतं जाताना पाणी दाखवून सुटका नाही, परतताना हजेरीही द्यावी लागते. खुर्चीपुढं उभं राहून म्हणायचं, "आली मी, भाऊ." शेवटची बाई येईपर्यंत हा माणूस चहाचा घोट घेत नाही. मी चहा नेऊन दिला तर कप खुर्चीखाली तसाच, साय धरलेला. "सगळ्या येऊ दे, मंग पितो."

माझी सासू पार्बताबाई, जिला आम्ही सगळे माय म्हणतो, तिला हे अजिबात पटायचं नाही. "मी काय जेलातली कैदी हाय का, रोज हजेरी द्याले? माह्या मोहाखाली मी लग्न होऊन आली तवापासून जाऊन राह्यली. तवा कुठी होता हा? आभायात!" ती पाणी न्यायचीच नाही. नाल्याच्या रेतीत ओंजळभर पाण्याचा झिरा असतो, तिथं प्यायची. तिचं झाड सगळ्यांत लांब, तलावाच्या वरच्या अंगाला, आणि तरी हा तोरा.

यंदा तलावाकडे पिलांची वाघीण होती. वनरक्षकानं सांगून ठेवलं होतं, एकटं जायचं नाही, गोंगाट करत जायचं. पण मोह काय वाट पाहतो का? फूल पहाटे पडतं, उशीर केला की हरणं, डुकरं खाऊन मोकळी. बायका जायच्याच. त्या गेल्या की दळता दळता मी दर घटकेला दारात येऊन रस्त्याकडे पाहायची.

त्या दिवशी सकाळी मायचं आणि भाऊंचं चांगलंच वाजलं. "पाणी किती, पार्बताबाई?" "झिऱ्यावर पिईन." "झिरा आटला. मी परवाच पाहून आलो." "तुमचा आटला असन, माहा नाई आटत," म्हणून माय टोपलं डोक्यावर घेऊन चालू पडली. ते मागून ओरडले, "बाई, एवढी कॅन तरी न्या!" तिनं वळून पाहिलं नाही.

ऊन तापलं तशा बायका एकेक परतल्या. "आली मी, भाऊ." "आली मी, भाऊ." माय नाही. मी चक्की बंद करून खुर्चीजवळ गेले. बायका म्हणाल्या, "पार्बताबाई? ते त आमच्या आंधी निघाली!"

आधी निघाली आणि अजून पोचली नाही! मी घरी धावले, "माय! माय!" करत दोन्ही खोल्या पाहिल्या. कुणी नाही. परत रस्त्यावर आले आणि बोंब ठोकली. माणसं जमली, कुणी काठ्या आणल्या, कुणी पिंपं वाजवायला घेतली. वनरक्षकाला फोन लागेना. मी रडत होते आणि देवाला नवस बोलत होते, जे तोंडाला येईल ते.

इतक्यात आमच्या गोठ्याचं दार करकरलं आणि केसात गवताच्या काड्या घेऊन माय बाहेर आली. "काऊन बोंबलून राह्यल्या व? कोन मेलं?"

पायलटभाऊंची बोलणी टाळायला बाई शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं मागून आली होती, आणि गोठ्यात गार लागतं म्हणून खाटेवर झोपली होती. एका कानानं कमी ऐकते, त्यामुळे माझ्या हाका तिला पोचल्याच नाहीत. मला रडू यावं की तिचा गळा धरावा, कळेना. मी दोन्ही केलं, आधी गळ्यात पडले आणि मग चांगली झापली.

"जा, आता त्या भाऊले सांगून ये," मी म्हटलं. आम्ही सगळे रस्त्याच्या टोकाला गेलो. खुर्ची रिकामी होती. कप तसाच भरलेला. एक बाई घाबऱ्याघाबऱ्या म्हणाली, "थो त कवाचा कॅन घेऊन गेला. मले वाटलं, लोकं त्याच्या मागंच येऊन राह्यले."

ऐंशीला टेकलेला माणूस. दोन्ही गुडघे गेलेले. भर उन्हात, वाघिणीच्या जंगलात, एकटा.

मायचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "कुठी शोधता?" ती म्हणाली. "माह्या झाडाखाली असन थो," आणि सगळ्यांच्या पुढं निघालीच. वाटभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू. "बह्याड बुढा! अक्कल नाई काडीची! वाघानं खाल्लं त मी कोनासंग भांडू?" मागं पिंपं बडवत माणसं, आणि पुढं ही. तिचा आवाज फुटत होता, ते मला ऐकू येत होतं. नाल्यात उतरलो. झिरा खरंच कोरडा होता. रेतीत वाघिणीचे पंजे होते आणि त्यांच्या बाजूनंच बुटाचे ठसे गेलेले.

पायलटभाऊ मायच्या मोहाच्या बुंध्याला टेकून बसले होते. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, मांडीवर भरलेली कॅन. स्वतः एक घोट प्यायले नव्हते. मायला पाहून ते उठायला गेले, जमलं नाही.

"पाणी आणलं, पार्बताबाई," ते म्हणाले. "तुमच्याजवळ नव्हतं ना."

"मी घरी होती!" माय ओरडली. "गोठ्यात! झोपली होती मी! तुमी काऊन आले मराले?"

ही खरीच आहे ना, असं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली बघून बोलू लागले. आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

"आमी दोघं गेलतो, दोन इमानं. वापस मी एकटा आलो. माह्या इमानाले भोकंच भोकं. लोकायनं मले खांद्यावर घेतलं, नाचले. पदक त्याच दिवसाचं हाय. अन् तिकडं त्याचा मेकॅनिक शिडी धरून उभा होता. इमान आलं की पायलटले उतराले शिडी लावा लागते ना. त्यानं मले इचारलं, 'आमचे साहेब?' मी म्हटलं, मागूनच येऊन राह्यले. त्याच्यात तेल किती हाय, किती वेळ पुरते, ते मले पक्कं ठाऊक होतं. तेवढा वेळ सरला. अजून तेवढाच सरला. पोरगा शिडी सोडेना. अन् मले त्याले सांगता येईना, की ठेव रे खाली."

पिंप वाजवणारे थांबले होते. मी पदर तोंडाला लावला. लाज कसली, सगळेच रडत होते.

माय पुढं झाली. घरून तांब्याभर पाणी पिऊन निघालेली बाई, पण तिनं ती कॅन उघडली, तोंडाला लावली आणि अर्धी गटागटा प्यायली. मग उरलेली त्यांच्या पुढं धरली. "घ्या आता. तुमचं पाणी किती ते कोन पाह्यन?"

पोरांनी गावातून खाट आणली आणि त्यांना तिच्यावर घालून आणलं. वाटेत खाटेच्या दोऱ्या तपासल्याच त्यांनी, हेही सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुर्ची होती तिथंच होती. मायनं न विचारता कॅन त्यांच्या कानाशी नेऊन हलवली आणि गेली. ऊन चढायच्या आत बायका परतल्या. माय मुद्दाम सगळ्यांच्या मागं चालत होती. ती खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

"मी आली, भाऊ. माह्या मागं कोनीच नाई राह्यलं," ती म्हणाली. "ठेवा आता शिडी खाली."

पायलटभाऊंनी मफलर सोडला, त्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग खुर्चीखाली हात घालून चहाचा कप उचलला. चहा थंडगार झाला होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.