गिरणीला लागलेला गंज

माझ्या मामांनी निवृत्त व्हायचं ठरवलं आणि त्यामुळे आमच्या गावाला इतिहास लिहून घ्यावा लागला.

मामा कागदाच्या गिरणीचे पहारेकरी. गिरणी बंद पडून एक पिढी उलटली. बंद पडताना मालकांनी, बँकेने आणि सरकारने तिच्यावरचे हात काढून घेतले. मामांवरचा तेवढा काढायचा राहून गेला. त्यामुळे पगार येत राहिला आणि मामा पहारा देत राहिले. गिरणीने कागद करणं सोडलं होतं, पण सरकारी काम म्हणजे काय हे मामांनी सोडलं नव्हतं.

अशात त्यांच्या लेकीला मुलगी झाली. लेक दूरच्या शहरात, जावई सदा बोटीवर, सासरचं कोणी उरलेलं नाही. तिने निरोप धाडला, "बाबा, पुरे झाला पहारा. या आता. नातीला आजोबा दाखवायचे आहेत." मामांनी त्याच दिवशी एक लोकरीचं टोपडं विकत घेतलं आणि सरकारी कचेरीतल्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"जा की!" साहेब म्हणाले. "आनंदाने जा. फक्त चार्ज देऊन जा."

"कशाचा?"

"गिरणीचा. दुसरा कशाचा आहे तुमच्याकडे?"

इथे घोडं अडलं. कारण गिरणी नव्हती. म्हणजे होती, पण एका जागी नव्हती. तिच्या खिडक्या डॉक्टरांच्या दवाखान्याला लागल्या होत्या. छपराचे पत्रे नगराध्यक्षांच्या गोदामावर होते. तुळयांवर मुख्याध्यापिका बाईंच्या शाळेचं व्यासपीठ उभं होतं. लगदा शिजवायच्या हौदात नगराध्यक्षांची म्हैस पाणी प्यायची. बॉयलर कापून त्याचं कोणी काय काय करून घेतलं, ते प्रत्येकाने आपापल्या घरी बघावं. फाटकाच्या जागी दोन दगडी खांब तेवढे उरले होते. त्यांच्यामध्ये मामा साखळी लावत, साखळीला कुलूप लावत, आणि रोज सकाळी ते नियमाने उघडत.

गैरसमज नको. आमच्या गावात चोर नाहीत. जो तो पडलेली वस्तू उचलत होता. पडलेली नसली, तर आधी पाडून मग उचलत होता. मामा बिचारे दरवेळी नगराध्यक्षांकडे धावायचे. नगराध्यक्ष पत्र्यांच्या सावलीत बसून गंभीरपणे म्हणायचे, "लक्ष ठेवा." मामांनी लक्ष ठेवलं. दुसरं करणार तरी काय?

आता मामांनी चार्ज द्यायचा म्हणजे वस्तू दाखवायला हव्यात. वस्तू नसतील तर त्या कुठे गेल्या ते सांगायला हवं. नगराध्यक्षांनी तातडीने इतिहास समिती नेमली. नुसत्या कारणाला वजन नसतं, इतिहास म्हटलं की लोक उलटून विचारत नाहीत. मी शाळेत इतिहास शिकवतो, शिवाय मामांचा सख्खा भाचा, म्हणून लेखनाची जबाबदारी माझ्याकडे आली.

बैठक गावाच्या सभागृहात भरली. सभागृहाचं फाटक फार देखणं आहे. ते कुठलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

"पूर आला असं लिहू," बाई म्हणाल्या.

"पुराची भरपाई कुठे गेली, असं विचारतील," नगराध्यक्ष म्हणाले. त्यांना पुराचा अनुभव होता.

"मग चोरी?"

"शी! चोरी म्हटलं की चोर लागतो. उगाच कुणाचं तरी नाव घ्यायचं? शोभतं का आपल्याला?"

शेवटी डॉक्टरांनी चष्मा पुसला. "गंज," ते म्हणाले. "लोखंड गंजतं. गंजून गंजून संपतं. निसर्गापुढे कोणाचं चालतं?"

सगळ्यांचे चेहरे उजळले. मी लिहायला घेतलं. गिरणीची स्थापना, भरभराट, आणि मग गंजाचा भयंकर प्रादुर्भाव. बॉयलर गंजून वाऱ्यावर गेला. पत्र्यांच्या मागोमाग तुळयाही गेल्या. तुळया लाकडाच्या होत्या ही अडचण बाईंनी काढली, पण डॉक्टर म्हणाले की लोखंडाच्या संगतीत राहिलेल्या लाकडाला गंज चढू शकतो. संगतीचा परिणाम असतोच.

पुस्तकाच्या शेवटी साक्षीदार म्हणून मामांची सही हवी होती. मामांनी सगळं वाचलं.

"अरे, खिडकीची काच कशी गंजेल?"

"मामा, नातीकडे जायचंय ना?"

मामांनी खिशातलं टोपडं चाचपलं आणि सही केली.

प्रकाशन थाटात झालं. टाळ्यांनी सभागृह दणाणून गेलं. इतकी घरं एकाच पुस्तकाने निर्धास्त झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. आता मामा मोकळे होणार, असं मलाही मनापासून वाटलं. मी त्यांची ट्रंकसुद्धा बांधायला घेतली.

पण पुस्तकाची एक प्रत वरच्या कार्यालयात गेली, आणि तिथे कोणीतरी ती वाचली. असं आजवर कधी घडलं नव्हतं, त्यामुळे आम्ही गाफील होतो. पंधरवड्यात एक तपासनीस येऊन दाखल झाले.

"अख्खा बॉयलर खाणारा गंज?" ते म्हणाले. "महाभयंकर प्रकार आहे. उद्या पूल खाईल, परवा रेल्वे खाईल. गावातल्या प्रत्येक घरातलं लोखंड, पत्रा, लाकूड, काच, सगळं तपासावं लागेल. प्रत्येक वस्तू कुठून आली तेही."

समिती पुन्हा बसली आणि उठली ती सुधारित आवृत्ती घेऊनच. तिच्यात डॉक्टरांनी नवं संशोधन मांडलं: हा गंज वस्तूंमधून पसरतच नाही. तो माणसाच्या अंगातून पसरतो, आणि तेही जो गिरणीच्या हवेत वर्षानुवर्षं राहिला, फक्त त्याच्या.

असा माणूस गावात एकच होता.

तपासनीसांनाही संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांनी हुकूम लिहिला: गंजाच्या वाहकाने गिरणीचा परिसर सोडू नये.

"परिसर?" मामा म्हणाले. "कुठाय परिसर? तुम्हीच तर वाटून घेतलात!"

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही दोन खांबांपासून सुरू करून चुन्याची एक रेघ आखून दिली. मधे मामांची खाट, ट्रंक आणि कुलूप. ज्यांनी आजवर गिरणीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं (निदान दिवसाउजेडी तरी), ते शेजारीपाजारी आता पाळीपाळीने मामांवर नजर ठेवू लागले. इतका चोख पहारा गिरणीच्या नशिबी कधी आला नाही.

वाट बघून थकलेली लेक शेवटी स्वतःच आली. पोर आता दुडूदुडू चालत होती. गाव रेघेभोवती गोळा झालं.

"बाबा, भिंत नाही, दार नाही," लेक म्हणाली. "नुसता चुना आहे हो! या ना बाहेर."

मामांनी पाय उचलला. "गंज! गंज!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. मामांनी पाय खाली ठेवला. म्हातारा रडत होता आणि रडू कोणाला दिसू नये म्हणून उगाच कुलूप पुसत होता.

लेक माझ्याकडे वळली. "दादा, तू तरी बोल. तुझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या कुठल्या आहेत, ते सांग की सगळ्यांना!"

मी इतिहासाचा माणूस. वर्तमानावर बोलणं माझ्या शिस्तीत बसत नाही.

एवढ्यात त्या पोरीने रेघ ओलांडली. तिला वाचता येत नाही, हुकूम कळत नाहीत. ती सरळ जाऊन आजोबांच्या मांडीवर बसली. मामांनी खिशातून टोपडं काढलं. ते तिच्या डोक्यावर जेमतेम टेकलं, कानापर्यंत काही येईना. तरी मामा ते खाली ओढत राहिले आणि पोर खिदळत राहिली.

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"संसर्ग," ते म्हणाले. "आता हिलाही बाहेर येता येणार नाही."

लेकीने एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग पिशवी उचलली आणि तीही आत गेली. आम्ही रेघ थोडी मोठी करून दिली. माणुसकी आहे आमच्यात.

तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू आहे. तुम्ही म्हणाल, काय नालायक गाव आहे हे! खुशाल म्हणा. पण आधी उठून आपल्या घराच्या दाराची कडी बघून या. गंजली असेल तर कळवा, आमच्याकडे चुना पुष्कळ आहे. गंजली नसेल, तर या, समितीत बसा. तुमची खुर्ची आम्ही केव्हाच उचलून आणून ठेवली आहे.