कुदळेसाहेबांचा विसर्ग

"आज विसर्ग मध्यम आहे. नदीकाठच्या नागरिकांनी घाबरून जाऊ नये."

सकाळी लिफ्टमध्ये शिरताच कुदळेसाहेब हे निवेदन करतात. नवे भाडेकरू लगबगीनं खाली लावलेल्या गाड्यांची काळजी करू लागतात. आम्हा जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे, की प्रश्न मुठा नदीचा नसून साहेबांच्या लघवीचा आहे.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरी फायली पुढं सरकवण्याची. पण ऐकणाऱ्याला वाटावं, खडकवासल्याचे दरवाजे हेच हातानं उचलत. मागच्या वर्षी त्यांचे पाय सुजले, सकाळी डोळे सुजायला लागले, लघवीला फेस येऊ लागला. मूत्रपिंडाची गाळणी सैल पडलीय आणि रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जातंय, असं तपासणीत निघालं. दुसरा कोणी हबकला असता. साहेबांना बढती मिळाल्यासारखं झालं.

"म्हणजे गळती!" ते मला म्हणाले. "अहो, उभी हयात गळतीवर टिपणं लिहिली मी."

पहिला उपाय त्यांनी खात्याच्या पद्धतीनं केला. जितकं वाहून जातं, तितकं वरून ओतायचं. अंडी, पनीर, वरच्या मजल्यावरच्या पैलवानाकडची डब्यातली पावडर. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण पुण्याच्याच होत्या.

"काका, गळक्या धरणात टँकर ओततात का हो तुमच्या खात्यात?"

"ओततात," साहेब म्हणाले. पावडर मात्र बंद झाली.

मग गोळ्या आल्या, बेताचं प्रथिन आलं आणि मीठ जवळजवळ गेलंच. रोज सकाळी एक पट्टी लघवीत बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर प्रथिन जातंय. लिफ्टमधलं निवेदन या पट्टीवरून ठरतं.

अधूनमधून चोवीस तासांची लघवी साठवून तपासायला द्यावी लागते. एकदा ती पाळी ऐन भाचीच्या लग्नात आली. "मोजणीत खंड नको," म्हणून साहेब कॅन कापडी पिशवीत घालून कार्यालयात हजर. वराकडच्या एका उत्साही काकांनी पिशवी त्यांच्या हातून घेतली आणि थेट स्टेजकडे नेली. मागून साहेब धावले.

"अहो, तो आहेर नाही, नमुना आहे! आणि अजून पुरा व्हायचाय!"

मिठाशी तर त्यांनी युद्धच पुकारलं. सोसायटीच्या जेवणात दुसऱ्यांच्या पानातल्या पापडांकडे बोट दाखवून म्हणायचे, "तळलेलं मीठ!" पंगतीत त्यांच्याशेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची.

गेल्या महिन्यात पट्टी सारखी हिरवी यायला लागली. असंच राहिलं तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. लिफ्टमधली निवेदनं थांबली. आणि त्याच आठवड्यात साहेब बूट घालायला वाकले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक छोटी मीठदाणी घरंगळली.

"काय साहेब, धरण फोडायला निघालात?"

त्यांनी ती घाईनं उचलली. "रविवारी जेवायला या. कळेल."

रविवारी वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, वाढलं. भाजी ठार अळणी. मला मीठ वेगळं वाढलं; स्वतः मात्र साहेबांच्याच पातेल्यातलं तसंच घेतलं.

"यांना अळणी आणि मी मात्र चमचमीत? घशाखाली उतरत नाही हो," त्या म्हणाल्या आणि ताक आणायला आत गेल्या.

साहेबांनी चटकन खिशातली मीठदाणी काढली आणि वहिनींच्या भाजीवर झटकली. स्वतःच्या पानाकडे पाहिलंही नाही.

"चक्कर येऊन पडली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "हिचं प्रेशर आधीच कमी. मीठ सोडू नका म्हणून बजावलंय डॉक्टरांनी. पण ऐकेल तर ना! आता तर आमटीत मीठ किती घालायचं, हेच विसरलीय. माझं त्या तुकड्यात काय निघेल ते निघो. माझ्यामागं हिला चवीचं जेवता यायला हवं की नको?"

वहिनी ताक घेऊन आल्या, बसल्या, भाजीचा घास घेतला. मान वर न करता म्हणाल्या,

"कालच्यापेक्षा जास्त पडलं हं आज."