पिवळेपणाची वाट

घोणसमाळात कावीळ झालेल्या माणसाचा पिवळेपणा सकाळी सातला अंगातनं उतरायचा, जिथनं आला तिथवर चालत जायचा आन् दिवस मावळायला परत त्या माणसात यायचा. त्या येळंला गाव दारं लावून घ्यायचं. मागं एकाचा पिवळेपणा भलत्याच दारात जाऊन उभा ऱ्हायला आन् दोन संसार मोडलं. तवापास्नं ग्रामसभेचा ठराव हाय, बघायचं न्हाई.

म्हाळू खरात गावाला नळाचं पाणी सोडायचा. धार बारीक आली म्हणून कुणी बोललं, की म्हाळू त्याचा बाप काढायचा. त्याची लेक उज्वला सहाव्या महिन्यात माहेरी आली, आन् आठवा लागला तवा तिचं डोळं हळदीगत झालं. म्हाळूनं कावीळ उतरवायची झाडमुळ्यांची माळ आणून तिच्या डोक्यावर ठेवली. माळ लांबत गेली, लेक मलूल होत गेली.

उपकेंद्रातल्या तांबे सिस्टर एक दिवस पहाटेच आल्या. म्हणाल्या, आजच तालुक्याला न्या, रक्त तपासा. काविळीच्या विषाणूंतलं ए आन् ई पाण्यातनं येतात. बी आन् सी रक्तातनं, सुईतनं. बी तर नवराबायकोच्या संगतीतनंबी येतो. डी एकटा येतच न्हाई, बीच्या जोडीनं येतो. आन् ई असला तर पोटुशी बाई हातातनं जाऊबी शकती.

म्हाळू त्या बीवरच पेटला. "माझ्या लेकीच्या नावचा असला कागद निघणार न्हाई."

"कागद नको तर डोळ्यांनी बघा," सिस्टर म्हणाल्या. "सातला मागं चाला. गाडी मात्र मी बोलावलीय."

सातला पिवळेपणा उठला. उज्वलाएवढाच उंच, पोटाशी तसाच जड, आरपार भिंत दिसत हुती. उंबऱ्यावर दाराला हात टेकून त्यानं दम घेतला, ती घेती तसाच. म्हाळूच्या तोंडात आलेली शिवी तिथंच ऱ्हायली.

बोळाबोळांतनं आणखी निघालं. म्हातारं, शाळंतली पोरं, सगळी मिळून चौदा. पाय वाजत न्हवतं. एकबी कुणाच्या दारात वळला न्हाई. सगळं जाऊन म्हाळूच्याच व्हॉल्वच्या खड्ड्याभोवती उभं ऱ्हायलं.

म्हाळूनं झाकण काढलं. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून भागवलेला सांधा गटाराच्या पाण्यात बुडाला हुता.

त्यानं व्हॉल्व बंद केला आन् दारं बडवत गावभर फिरला. "उघडा. बघा. माझ्या हातनं झालंय."

दारं उघडली. उज्वलाला आन् सिस्टरांना घेऊन गाडी गेली. म्हाळू खड्ड्यात उतरला. जन्मात पयल्यांदा कुणाला तरी "जरा सरकता का" म्हणाला, आन् भोवती उभी चौदा जणं सरकली.

दुपार कलताना सांधा बसला. तेरा जणं आपापल्या घराकडं वळली. चौदावा तालुक्याच्या रस्त्याला लागला. एकोणीस किलोमीटर.

म्हाळूनं चिखलाचं हात जोडलं. "जायचंच असंल तर सावकाश जा. उशीर झाला तरी कुणी रागवणार न्हाई."

दिवस मावळता सिस्टरांचा फोन आला. रक्तात ई निघाला, सलाईन चालू हाय, पोरगी शुद्धीत हाय, बाळाचं ठोकं बरोबर हायेत. डोळं तेवढं सकाळपास्नं पांढरंच दिसतायत, डॉक्टर परत परत बघून जातायत.

पिवळेपणा तवर ओढ्याच्या पुलापत्तूरच पोचला हुता. पोटावर हात ठेवून कठड्याला बसला हुता. येणारीजाणारी माणसं गाड्या हळू करून, कडंनं जात हुती.