हयात आणि कै.

श्रीगोंद्यात कुणी गेलं, की तिसऱ्या दिवशी घरची मंडळी सावडायला जायची आणि त्याच सकाळी सदूभाऊ खेतमाळीस आपल्या दुकानातलं लोखंडी कपाट उघडायचे. कपाटात गावातल्या आणि आसपासच्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. गेलेल्या माणसाच्या घरची कॅसेट ते शोधून काढायचे, तिच्या पाठीवरचं लेबल ब्लेडनं खरवडायचे, नवं चिकटवायचे आणि त्यावर सगळी नावं पुन्हा लिहून, एका नावामागच्या ‘श्री.’ऐवजी ‘कै.’ लिहायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या घरच्यांना तर याचा पत्ताही नसायचा.

सदूभाऊ लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. उंच, वाळलेले, एका खांद्यावर कॅमेरा तोलून तोलून मान कायमची डावीकडे कललेली. लग्न केलं नव्हतं. विधवा बहीण, तिला सगळं गाव आक्काच म्हणायचं, त्यांच्याकडे राहायची. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, “मानूस आज हाय, उद्या न्हाई. नावाला मान पायजे.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते आता त्यांच्या आवाजातच आठवतं, आणि खरं सांगायचं तर आठवलं की थोडा थकवाही येतो.

मान म्हणजे किती मान? निवडणूक हरलेल्या एका सरपंचाच्या नावाला ‘माजी’ लावायला ते निकालाच्या दुपारीच बसले. त्या सरपंचांना कुठून तरी कळलं, तर ते स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, सदूभाऊ, फेरमोजणीचा अर्ज टाकलाय, दोन दिवस थांबा. सदूभाऊ थांबले. अर्ज फेटाळला गेल्यावर त्यांनी आधी निरोप पाठवला आणि मग ब्लेड काढलं.

लग्नात पंगत बसली की सदूभाऊ दिव्याचा झोत तोंडावर मारून एकेका पाहुण्याला विचारत फिरायचे, नाव काय लावता, पैलवान लावता का, ह.भ.प. लावता का. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत तोंडात बुंदी असलेली माणसं डोळे बारीक करून आपलं पूर्ण नाव सांगताना दिसतात. एकदा बौद्ध वस्तीतल्या लग्नाच्या कॅसेटवर त्यांनी सवयीनं ‘चि.सौ.कां.’ लिहिलं. नवरीचे वडील शिक्षक होते. ते रागावले नाहीत, आमच्यात आयुष्मती म्हणतात एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी सदूभाऊ वही घेऊन त्यांच्या दारात हजर. आयुष्मान, आयुष्मती, आणि गेलेल्या माणसाला कालकथित, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि गुरुजींकडून तपासूनही घेतलं.

हे वेड कशानं लागलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. एका लग्नाची कॅसेट त्यांनी पोचवली. सगळं घर टीव्हीपुढे बसलं. सुरुवातीला आशीर्वाद देणाऱ्यांची नावं आली, त्यात आजोबांचं नाव ‘श्री.’ लावून. आजोबा लग्नानंतर पंधरा दिवसांनी वारले होते आणि सदूभाऊंना ते माहीत नव्हतं. आजी उठली आणि आत निघून गेली. कुणी तरी टीव्ही बंद केला. “शिवी दिली असती तर बरं झालं असतं, सर,” असं ते म्हणाले.

मी सर, कारण त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार बॅचना तेच ते शिकवायचं, त्यात दिवसातून दोनदा लाइट जायची. अशात नव्व्याण्णव साली सदूभाऊंनी कॉम्प्युटर घेतला. कॅसेटींना बुरशी लागायला लागली होती, ती लागली की चित्रावर मुंग्या येतात. तेव्हा महत्त्वाच्या लग्नांचे वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं ते चांगलंच. पण त्या दिवसापासून माझ्या जिन्यात दिवसातून चारदा त्यांच्या चपला वाजायला लागल्या. “सर, वाईच खाली येता का? जरा गडबड हाय.”

ही वाईच गडबड म्हणजे माझा दुपारचा जेवणाचा वेळ. कधी माऊसचा बाण हरवलेला असायचा, कधी कॉम्प्युटरला त्यांनी रुमालानं झाकून ठेवलेलं असायचं आणि तो तापून बंद पडलेला असायचा. मी जायचो, करून द्यायचो, गार पोळी खायचो. पण एका सोमवारी ते आले तेव्हा नुसते दारात उभे राहिले. म्हणाले, एकबी लग्न लागंना.

खाली जाऊन बघितलं. अकरा लग्नांच्या अकरा फाइली होत्या आणि एकही उघडत नव्हती. कारण कळायला मला वेळ लागला नाही, पण विश्वास बसायला लागला. कॉम्प्युटर आपण होऊन त्या फाइलींना एक-दोन-तीन असे नंबर देत होता आणि पुढे टिंब देऊन एव्हीआय ही तीन अक्षरं लावत होता. सदूभाऊंना ते बघवलं नाही. लग्नाच्या माणसांना कैद्यासारखे नंबर? त्यांनी एकेक फाइल घेतली, नंबर पुसला, ती बिनकामाची तीन अक्षरंही पुसली आणि इंग्रजी अक्षरांत सगळ्यांना मानानं नावं दिली. चि. टिंब. सौ. टिंब. कां. टिंब. मंगल. एका कीर्तनकारांच्या मुलीच्या लग्नाला तर ह. टिंब. भ. टिंब. प. टिंब.

मी त्यांना समजावलं, की शेवटच्या टिंबानंतर जे येतं ते कॉम्प्युटरला फाइलीचं आडनाव वाटतं. एव्हीआय आडनाव दिसलं की तो ओळखतो, हे व्हिडिओचं घराणं. तुम्ही आडनाव मंगल करून ठेवलंय, मंगल नावाचं घराणं त्याला माहीत नाही. आडनाव बदलायचं का म्हणून त्यानं तुम्हाला विचारलं असणार.

“इचारलं की. दर खेपेला इचारलं, नक्की का म्हनून. मी म्हनलं व्हय. मानाचं काम हाय, त्यात नक्की काय इचारायचं?”

मी एकेका नावापुढे ती तीन अक्षरं पुन्हा लावायला बसलो. एकेक लग्न लागायला लागलं. बुंदी खाणारी माणसं हलायला लागली. मला वाटलं, आता सदूभाऊ खूश होतील, चहा मागवतील. पण ते माझ्या मागे उभे राहून प्रत्येक फाइलीनंतर एवढंच म्हणत होते, दिलीपचं बघा. दिलीपचं आधी बघा.

दिलीप म्हणजे आक्काचा एकुलता एक मुलगा. लहानपणापासून मामाच्याच घरी वाढलेला. दोन वर्षांपूर्वी कारखान्याला ऊस घालून परत येताना ट्रॅक्टर उलटला आणि तो गेला. सून माहेरी गेली ती तिकडेच राहिली, त्यात तिचा काही दोष नव्हता. येत्या रविवारी दिलीपचं दुसरं वर्षश्राद्ध होतं, आणि जिनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं त्या आक्कानं भावाला सांगितलं होतं, की त्या दिवशी मला पोराला बोलताना बघायचंय. दोन वर्षं तिनं त्याच्या लग्नाची कॅसेट घरात लावू दिली नव्हती.

तर कॅसेटच लावा की, मी म्हणालो. सदूभाऊ स्टुलावर बसले. म्हणाले, कॅसेट पुसली. तिला बुरशी लागलेली होती. फाइल झाली, आता काय भीती, असं समजून त्यांनी ती साफ केली आणि चाचणी म्हणून तिच्यावर भेंडीच्या शेताचं शूटिंग केलं. आक्काला अजून सांगितलं नव्हतं.

मला राग आला. तो त्यांच्यावर आला की माझ्या गार पोळीवर, ते आज सांगता येणार नाही. मी दिलीपच्या फाइलीला एव्हीआय लावलं. ती लागली नाही. बाकी दहा लागल्या, ही लागली नाही. पुन्हा लावली, बंद करून चालू केलं, काही नाही. फाइल आकारानंही छोटी होती. अर्धवट.

मग मी त्यांना नीट विचारलं, या एका फाइलीचं नक्की काय काय केलंत? त्यांनी कललेली मान आणखी कलवली. मग सांगितलं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. सीमध्ये त्यांनी ‘हयात’ नावाचा कप्पा केला होता आणि डीमध्ये ‘कै.’ नावाचा. ज्या लग्नांतला नवरा किंवा नवरी गेली ती लग्नं डीमध्ये. नियमाप्रमाणे त्यांनी दिलीपला डीमध्ये टाकलं आणि नावामागे कै. लावलं. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्याला परत सीमध्ये आणून चि. केलं. मग वाटलं, गावाला एक न्याय आणि घरच्याला एक, हे बरोबर नाही. पुन्हा डी, पुन्हा कै. दोन दिवसांनी पुन्हा सीकडे न्यायला लागले, आणि अर्ध्यात लाइट गेली.

“लाइट आल्यावर बघतो तर दिलीप दोन्हीकडं. एक मानूस दोन्हीकडं कसा असंल, सर? मंग मी एक पुसला.”

कुठला पुसला, हे मी विचारलं नाही. हयातीतला अर्धा ठेवला होता, कै.मधला पुरा पुसला होता. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली होती.

त्या आठवड्यात मी दोनदा पुण्याला जाऊन आलो. एस.टी.त उभ्यानं जाऊन, तिथल्या एका ओळखीच्या माणसाकडून फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्राम आणला. अर्धवट तुटलेल्या व्हिडिओला तो पुन्हा सुरुवातीपासून मोजून बसवतो. का गेलो ते मलाही नीट कळलेलं नाही. माझ्या चार बॅच बुडाल्या आणि घरी बायकोनं विचारलं, की तुमचा कोण लागतो तो सदूभाऊ. मी म्हणालो, खाली राहतो.

शनिवारी दुपारी तो प्रोग्राम तीन तास चालला. लाइट राहिली, हे नशीबच. तेरा मिनिटांचा व्हिडिओ हाती आला. चित्र स्वच्छ होतं, पण आवाज मागे पडत गेला होता. आधी ओठ हलायचे, ते मिटायचे, माणूस तोंड फिरवायचा आणि मग त्याचं बोलणं ऐकू यायचं. तेवढं काही मला जमलं नाही, आणि तसं मी सांगूनही टाकलं.

फाइलीला नाव द्यायची वेळ आली. मी म्हणालो, टिंबं नकोत आता. चि. नको आणि कै.ही नको. सदूभाऊंनी कीबोर्ड माझ्याकडून ओढून घेतला, एका बोटानं पाच इंग्रजी अक्षरं शोधत बसले आणि नुसतं ‘दिलीप’ लिहिलं. “घरात एवढंच म्हनायचो,” ते म्हणाले. मी पुढे एव्हीआय लावलं.

रविवारी पान ठेवून झालं, पाहुणे जेवून गेले आणि आक्का दुकानात आली. तिला आम्ही खुर्ची दिली, पण ती खाली पोत्यावरच बसली. सदूभाऊंनी तिला उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. कॅसेट पुसली, फाइल अर्धी घालवली, आवाजबी मागं राहिलाय, गलती माझी हाय. आक्कानं मला हातानं खूण केली, लावा म्हणून.

दिलीप आला. फेटा जरा मोठा झालेला, हसरा, पंगतीत पाटावर बसलेला. ओठ हलले आणि मिटले, तो पापड मोडायला लागला आणि मग त्याचा आवाज आला. आक्का पुढे सरकली. म्हणाली, “आसाच हुता. हाक मारली की लई येळानं वो द्यायचा.” आणि ती हसली. मी सदूभाऊंकडे बघितलं नाही.

शेवटच्या मिनिटात दिलीप थेट कॅमेऱ्याकडे बघून काही बोलला. शेजारचा रिकामा पाट त्यानं हातानं थोपटला. मग चित्र दुसऱ्या पंगतीकडे गेलं, एक म्हातारे पाहुणे आपलं पूर्ण नाव सांगायला लागले, आणि त्यांच्या तोंडून दिलीपचा आवाज आला. “मामा, ठेवा की आता ते. या, बसा माझ्याजवळ.” पाठोपाठ कॅमेऱ्यामागून सदूभाऊंचा आवाज आला. “आलो, आलो. पंगतीची एवढी वळ घेतो न् आलो.” तिथे व्हिडिओ संपला.

सदूभाऊ भिंतीला टेकले होते. मला म्हणाले, “गेलो न्हाई, सर. त्या वळीतून दुसऱ्या वळीत गेलो. दुसऱ्याची नावं घेत बसलो.” आयुष्यभर सगळ्या तालुक्याची नावं नीट लिहिणारा माणूस, तो ओंजळीत तोंड घालून रडला. मला काय करावं कळेना, म्हणून मी उगाच माऊसची वायर सरळ करत राहिलो.

आक्का पोत्यावरून उठली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. भावाजवळ गेली आणि त्याची कललेली मान हातानं सरळ केली.

“तो काय उपाशी न्हाई बसला तुझ्यापायी, सदू,” ती म्हणाली. “पोटभर जेवला. मी वाढलं हुतं. तुझं पानबी झाकून ठिवाय लावलं त्यानं. तू आल्याबिगर उचलू नगा म्हनला.”