दिग्दर्शक मंगलाबाई, मुक्काम रनाळे

पुण्याच्या लघुपट महोत्सवाची अट वाचून रनाळ्याच्या हेमराजने कपाळाला हात लावला. पडद्यामागच्या निम्म्या कामांवर बायका हव्यात! त्याच्या चारही अहिराणी व्हिडिओंत एकच नाव होतं : लेखक, दिग्दर्शक, हिरो हेमराज. ते एकदा मोठ्या पडद्यावर झळकावं, एवढीच त्याची या जन्मीची इच्छा होती.

मग त्याला पंचायत आठवली. आई मंगलाबाई पाच वर्षं सरपंच होती. म्हणजे सही तिची, खुर्ची हेमराजची. त्याने तोच कित्ता गिरवला. अर्जात दिग्दर्शक आई, कॅमेऱ्यावर बायको कामिनी. नावं काय, मागाहून बदलता येतील.

पण महोत्सवाच्या रोहिणी मॅडम शूटिंग बघायलाच निघाल्या. हेमराजने नाइलाजाने शेजारच्या भिला नावाच्या पोराला हिरो केलं.

"माय, तू फक्त 'ॲक्शन' म्हण. मी कापूसना ढिगमांगे बशीसन इशारा करसू."

"बरं," मंगलाबाई म्हणाली.

मॅडमनी कामिनीला विचारलं, "कॅमेरा कुठे शिकलात?"

"घरमाच. मन्हा घरवाला हिरो बने, मंग कॅमेरा कोन धरी?"

ढिगामागे हेमराज चपापला. खरंच की! चार व्हिडिओ झाले, पण हे कधी त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने मोठा श्वास घेतला, नाकात कापूस गेला आणि अशी शिंक आली की अर्धा ढीग उडाला.

"कट!" मंगलाबाई गरजली.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"तो? चहावाला शे. हेमू, तठे ढिगमांगे काय दपी बसना? बठ्ठासले चहा लई ये!"

हेमराज सगळ्यांना चहा आणत राहिला. "माय, फ्रेम वाकडी..." म्हणायला तोंड उघडलं की आई म्हणे, "चहामा साखर कमी शे." भिलाकडून तिने रडण्याचा सीन सात वेळा करून घेतला. पाच वर्षांची राहून गेलेली सरपंचकी तिने एका दुपारीत वसूल केली. मॅडम खूश झाल्या आणि जाताना सगळ्यांची नावं व कामं स्वतःच्या हाताने लिहून घेऊन गेल्या.

पुण्याच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर दिग्दर्शक मंगलाबाई आली, छायाचित्रण कामिनी आली, आणि अगदी तळाशी आलं, 'चहा : हेमराज'.

हेमराज रडवेला झाला. "मन्हं नाव इतलं बारीक?"

कामिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मागला चार पिक्चरस्मा मन्हं त तितलंबी नव्हतं."